वीज कोणाकडून घ्यावी? खुल्या बाजारातील वीज कंपन्या आणि आपले घर

मुंबईच्या उपनगरांत, वांद्र्यापासून भाईंदरपर्यंत राहणाऱ्या कुटुंबांना २००९ सालापासून एक अधिकार लाभला आहे. आपल्या घरातील वीज कोणत्या कंपनीकडून विकत घ्यावी, हे ती कुटुंबे स्वतः ठरवू शकतात. भाईंदरची खाडी ओलांडून वसई, विरार, पालघर या बाजूस आले, की हा अधिकार संपतो. तेथे महावितरण हीच एक कंपनी. तिचा खांब, तिचा मीटर आणि तिचेच बिल. एकाच लोकलने कामाला जाणाऱ्या दोन शेजाऱ्यांपैकी एकाला निवड आहे आणि दुसऱ्याला नाही, अशी ही परिस्थिती आहे.

ही परिस्थिती फार काळ अशीच राहील, असे मात्र आम्हांस वाटत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने वीज कायद्यातील दुरुस्तीचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला. एकाच भागात अनेक वितरण कंपन्यांनी एकमेकींच्या तारांचे जाळे वापरून वीज विकावी, अशी तरतूद त्यात सुचविलेली आहे. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये अशाच आशयाचे विधेयक लोकसभेत मांडले गेले होते. ते संसदीय समितीकडे गेले आणि २०२४ साली लोकसभेची मुदत संपल्यावर रद्द झाले. त्याच २०२२ साली अदानी समूहाच्या कंपनीने भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, उरण या भागांसाठी समांतर परवाना मागितला आणि त्याच्या निषेधार्थ ४ जानेवारी २०२३ रोजी राज्यातील वीज कर्मचारी संपावर गेले. सरकारशी चर्चा होऊन तो संप त्याच दिवशी मागे घेण्यात आला; पण त्यामागचा प्रश्न तसाच उभा आहे.

'स्पर्धा आली की भाव उतरतात' असे एक बाजू सांगते. 'खाजगी कंपन्या आल्या की गरीब भरडला जातो' असे दुसरी बाजू सांगते. ही दोन्ही वाक्ये घोषणा म्हणून सोपी आहेत. वाचकांनी त्यांपैकी एक उचलण्यापूर्वी वीज आपल्या घरापर्यंत कशी येते, तिच्यातील कोणता भाग बाजारात विकता येतो आणि कोणता येत नाही, हे समजून घ्यावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

एका तारेमागचे तीन व्यवसाय

आपल्या घरातील दिवा पेटतो, तेव्हा त्यामागे तीन वेगवेगळी कामे झालेली असतात. पहिले काम निर्मितीचे. कोळसा, पाणी, वायू, अणुशक्ती, वारा अथवा सूर्यप्रकाश यांपासून वीज तयार होते. दुसरे काम पारेषणाचे. डोंगरांवरून आणि शेतांवरून जाणाऱ्या उंच मनोऱ्यांच्या तारांतून ती वीज उच्च दाबाने दूरवर नेली जाते. तिसरे काम वितरणाचे. उपकेंद्रात आणि मग गल्लीच्या कोपऱ्यावरील रोहित्रात तिचा दाब उतरवून ती घराघरांत पोचविली जाते, मीटर वाचला जातो, बिल दिले जाते आणि पैसे वसूल होतात.

या वितरणाच्या पोटातही खरे म्हणजे दोन कामे दडलेली आहेत. एक, तारांचे जाळे सांभाळणे. आणि दुसरे, त्या जाळ्यातून वाहणारी वीज विकणे. खुल्या बाजाराची सगळी चर्चा या एका भेदावर उभी आहे. वीज विकणारे दहा जण असू शकतात. परंतु एका गल्लीत दहा कंपन्यांचे दहा खांब उभे करणे हा शुद्ध वेडेपणा ठरेल. त्या सर्व खांबांचा खर्च अखेरीस ग्राहकाच्याच बिलात येईल. म्हणूनच जगात जेथे जेथे वीज बाजार खुला झाला, तेथे तेथे तारा मात्र बहुधा एकाच कंपनीकडे राहिल्या आणि त्या तारांचे भाडे ठरविण्याचा अधिकार सरकारी नियामकाकडे राहिला. ज्याला आपण 'नियंत्रणमुक्त बाजार' म्हणतो, त्याचा निम्मा भाग असा नियंत्रणाखालीच असतो.

मुंबईकरांना याचा प्रत्यय १२ ऑक्टोबर २०२० रोजी आला. त्या दिवशी सकाळी पारेषण वाहिन्यांत बिघाड झाला आणि बेस्ट, टाटा, अदानी या तिन्ही कंपन्यांचे ग्राहक एकाच वेळी अंधारात गेले. लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या. बिलावर कोणत्या कंपनीचे नाव छापलेले आहे, याने त्या सकाळी काहीही फरक पडला नाही. विक्रेता बदलला तरी वाट तीच असते, हा त्या दिवसाचा धडा होय.

मंडळापासून आयोगापर्यंत

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने राज्याराज्यांत वीज मंडळे स्थापण्याची तरतूद झाली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली अस्तित्वात आले. निर्मिती, पारेषण आणि वितरण ही तिन्ही कामे मंडळाकडेच होती. खेडोपाडी वीज नेण्याचे मोठे काम या मंडळाने केले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण दर ठरविण्याचा अधिकार सरकारच्या मर्जीवर, वीजगळती आणि चोरी मोठी, थकबाकी त्याहून मोठी, अशी अवस्था पुढे होत गेली. नवी वीजकेंद्रे उभारण्यास पैसा उरला नाही.

त्या टंचाईच्या काळात, १९९३ साली, दाभोळ वीज प्रकल्पाचा करार झाला. अमेरिकेतील एन्रॉन कंपनी त्यामागे होती. हा खाजगीकरणाचा पहिला मोठा प्रयोग म्हणून गाजला. पण त्यात स्पर्धा नव्हतीच. जाहीर निविदा न मागविता वाटाघाटींनी तो करार ठरला. विक्रेता एक, खरेदीदार एक आणि वीज घेतली नाही तरी मंडळाने स्थिर आकार द्यायचा, अशी अट होती. १९९५ मध्ये राज्य सरकारने तो प्रकल्प रद्द केला आणि पुढे फेरवाटाघाटी होऊन तो पुन्हा सुरू झाला. १९९९ साली पहिला टप्पा वीज देऊ लागला. २००१ च्या मे महिन्यात मंडळाने खरेदी थांबविली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. खाजगी मालक म्हणजे आपोआप स्वस्ताई नव्हे, हे महाराष्ट्र त्या वेळी फार मोठी किंमत मोजून शिकला.

१९९९ साली महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला. दर ठरविण्याचे काम मंत्रालयातून निघून आयोगाच्या सुनावणीत आले. त्यानंतर संसदेने वीज कायदा, २००३ संमत केला. या कायद्याने वीजनिर्मितीसाठी परवान्याची अट काढली. मोठ्या ग्राहकांना दुसऱ्याच्या तारांवरून हव्या त्या उत्पादकाची वीज आणण्याची, म्हणजे 'मुक्त प्रवेशा'ची मुभा दिली. आणि एकाच क्षेत्रात एकापेक्षा अधिक वितरण परवाने देता येतील, असे म्हटले. या कायद्यानुसार ६ जून २००५ रोजी महाराष्ट्रातील मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या आणि त्यांच्यावर एक सूत्रधारी कंपनी, अशी रचना झाली. या सर्व कंपन्या आजही राज्य सरकारच्या मालकीच्या आहेत. २००८ पासून विजेची खरेदी-विक्री करणारे बाजारही देशात सुरू झाले. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून तेथे प्रत्येक भागाचा भाव ठरतो. घरगुती ग्राहक त्या बाजारात जात नाही. पण त्याची वितरण कंपनी तेथे महाग वीज घेते, तेव्हा काही महिन्यांनी त्याच्या बिलातील 'इंधन समायोजन आकार' वाढतो.

मुंबईचा प्रयोग काय सांगतो?

मुंबईची विजेची कथा मंडळाहून जुनी आहे. बेस्ट उपक्रम कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत वीज देतो. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ सालचे. उपनगरांत १९२९ साली स्थापन झालेली बी.एस.ई.एस. कंपनी वीज देत असे. २००३ मध्ये ती रिलायन्सकडे गेली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये तो व्यवसाय अदानी समूहाकडे आला. नावे बदलत गेली. बहुतेक घरांत येणारी तार तीच राहिली.

टाटा कंपनी प्रामुख्याने मोठ्या ग्राहकांना आणि इतर वितरकांना वीज देत असे. घरोघरी किरकोळ विक्री करण्याचा तिला अधिकार आहे काय, यावरून मोठा वाद झाला. जुलै २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार मान्य केला. पण उपनगरांच्या गल्लीबोळांत टाटांच्या तारा फारशा नव्हत्या. तेव्हा ऑक्टोबर २००९ मध्ये नियामक आयोगाने मार्ग काढला. तारा पहिल्या कंपनीच्या, वीज दुसऱ्या कंपनीची. ग्राहकाने अर्ज करावा, तारांचे भाडे म्हणजे 'वहन आकार' तारांच्या मालकाला मिळावा आणि विजेचे पैसे नव्या विक्रेत्याला. त्या वेळी टाटांचे दर कमी होते. लाखो ग्राहकांनी विक्रेता बदलला. बेस्टच्या क्षेत्रात मात्र तिच्या तारांवरून दुसऱ्या कंपनीची वीज घेण्याची सोय नाही, कारण कायद्याने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या वितरण व्यवस्थेला वेगळे स्थान दिले आहे.

पुढे काय झाले, ते अधिक बोधप्रद आहे. जे ग्राहक गेले, त्यांत जास्त वीज वापरणारे आणि म्हणून जास्त दर देणारे ग्राहक होते. त्यांच्या जादा पैशांतून कमी वापरणाऱ्यांचे दर खाली ठेवले जात होते. ते गेल्यावर हा आधार तुटू लागला. म्हणून २०११ मध्ये आयोगाने, विक्रेता बदललेल्या ग्राहकांनी जुन्या कंपनीला एक अधिभार द्यावा, असे ठरविले. अधिभार लागू झाल्यावर आणि दोन्ही कंपन्यांच्या दरांतील अंतर बदलत गेल्यावर काही ग्राहक परतही फिरले. दोघांनी एकाच रस्त्यात दुहेरी तारा टाकाव्यात काय, यावरूनही अनेक वर्षे आयोग, अपिलीय न्यायाधिकरण आणि न्यायालये यांच्यापुढे वाद चालले.

या प्रयोगातून ग्राहकाचा फायदा झाला काय? आमच्या मते, काहींचा झाला. दोन्ही कंपन्यांना ग्राहक टिकविण्याची काळजी घ्यावी लागली, हे नाकारता येणार नाही. पण मुंबईत वीज स्वस्त झाली, असे कोणी म्हणू शकणार नाही. कारण बिलातील मोठा भाग वीज खरेदीचा, पारेषणाचा आणि तारांचा असतो. या खर्चांवर विक्रेता बदलून होणारा परिणाम मर्यादित असतो.

परदेशांतील तीन अनुभव

ज्यांची मुले किंवा भावंडे अमेरिकेत, इंग्लंडात आहेत, त्यांच्या कानांवर तेथील निवडीच्या गोष्टी आल्या असतील. तीन ठिकाणांचे अनुभव आम्ही येथे थोडक्यात मांडतो.

कॅलिफोर्नियाने १९९६ साली कायदा करून १९९८ मध्ये आपला बाजार खुला केला. घाऊक भाव मोकळे सोडले, पण बहुतेक किरकोळ ग्राहकांचे दर गोठवून ठेवले. २००० साली घाऊक भाव भडकले. सॅन दिएगोत दर गोठविण्याची मुदत आधीच संपली होती. तेथे काही महिन्यांत बिले दुपटीवर गेली. बाकीच्या ठिकाणी वितरण कंपन्या महाग घेऊन स्वस्त विकू लागल्या. जानेवारी २००१ मध्ये पाळीपाळीने वीज तोडावी लागली आणि एप्रिलमध्ये तेथील एक अग्रगण्य वितरण कंपनी दिवाळखोरीत गेली. कृत्रिम टंचाई निर्माण करून भाव चढविणाऱ्या व्यापाऱ्यांत एन्रॉनचे लोक होते, हे पुढे उघड झाले. दाभोळमधील एन्रॉन तीच. अखेर त्या राज्याने त्याच वर्षी नव्या ग्राहकांसाठी विक्रेता निवडण्याची सोय स्थगित केली.

टेक्सासमध्ये २००२ पासून बहुतेक भागांत घरगुती ग्राहकालाही विक्रेता निवडावा लागतो. तारांची कंपनी ठरलेली असते, विक्रेते पुष्कळ. ऑस्टिन आणि सॅन अँटोनिओ या शहरांनी मात्र आपला नगरपालिकेचा वीजपुरवठा कायम ठेवला. फेब्रुवारी २०२१ मध्ये तेथे कडाक्याचे हिमवादळ आले. वायूच्या वाहिन्या आणि वीजकेंद्रे गोठली. ४५ लाखांहून अधिक घरे व आस्थापने अंधारात गेली आणि सरकारी मोजणीनुसार २४६ माणसे दगावली. घाऊक भाव युनिटमागे ९ डॉलर या कमाल मर्यादेला जाऊन अनेक दिवस तेथेच राहिला. ज्यांनी ठरलेल्या दराचा करार केला होता, त्यांचे बिल फारसे बदलले नाही. पण 'बाजारभावाने घ्या आणि पैसे वाचवा' असे सांगणाऱ्या एका कंपनीच्या ग्राहकांना काही दिवसांच्या विजेसाठी हजारो डॉलरांची बिले आली. ती कंपनीही महिन्याभरात दिवाळखोरीत गेली.

ब्रिटनने १९९० साली वीज व्यवसायाचे खाजगीकरण केले आणि १९९९ पर्यंत प्रत्येक घराला विक्रेता निवडण्याची मुभा दिली. अनेक वर्षे ही व्यवस्था आदर्श म्हणून सांगितली जात असे. पण जे ग्राहक विक्रेता बदलत नाहीत, म्हणजे बहुधा वृद्ध आणि कमी शिकलेले, त्यांच्याकडून जास्त दर घेतले जातात, असे दिसून आले. जानेवारी २०१९ मध्ये तेथील सरकारला दरांवर पुन्हा मर्यादा घालावी लागली. २०२१ मध्ये वायूचे भाव भडकताच, आधीपासून वीज खरेदीची तरतूद न केलेल्या सुमारे तीस छोट्या विक्रेत्या कंपन्या वर्षभरात बुडाल्या. त्यांच्या ग्राहकांची वीज गेली नाही. त्यांना दुसऱ्या कंपनीकडे सोपविले गेले. परंतु त्या व्यवहाराचा खर्च देशातील सर्व ग्राहकांच्या बिलांवर वाटला गेला. ज्यांनी कधी त्या स्वस्त कंपन्यांचे नावही ऐकले नव्हते, त्यांनीही तो भरला.

या तिन्ही अनुभवांतून निघणारे तात्पर्य असे, की बाजार खुला झाल्यावर नियामकाचे काम कमी होत नाही, उलट वाढते. कोण विकू शकेल, त्याच्यापाशी पुरेसे भांडवल आहे काय, त्याने विजेची तरतूद केली आहे काय, तो बुडाला तर ग्राहकाचे काय, या सर्व गोष्टी आधी बघाव्या लागतात.

वसईच्या बिलात कोणाचा वाटा?

आता आपण आपल्या घराकडे येऊ. महावितरणच्या घरगुती दरात वापराचे टप्पे असतात. पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी. १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे तो चढत जातो. महिन्याला ६०-७० युनिट वापरणाऱ्या घरातील वीज खर्चापेक्षा स्वस्त पडते. हा तोटा कारखाने, दुकाने, कार्यालये आणि जास्त वीज वापरणारी घरे यांच्या चढ्या दरांतून भरून निघतो. यालाच क्रॉस सबसिडी म्हणतात. शेतीपंपांनाही दीर्घकाळ असाच आधार मिळत आला. २०२४ पासून ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल राज्य सरकार भरते. तो भार सरकारी तिजोरीवर आहे, म्हणजे फिरून आपणा सर्वांवरच आहे.

आता समांतर परवाना घेऊन एखादी कंपनी वसई तालुक्यात आली, अशी कल्पना करू. गोखिवरे-वालिवच्या औद्योगिक वसाहती, महामार्गालगतची गोदामे, नव्या उंच इमारती आणि मोठी दुकाने हे तिला हवे असलेले ग्राहक. किनाऱ्यावरील गावांतील विखुरलेली घरे, पूर्वेकडील आदिवासी पाडे, वादळात पुन्हापुन्हा पडणारे खांब यांत नफा थोडा. कायद्याप्रमाणे परवानाधारकाने आपल्या क्षेत्रात मागणाऱ्या प्रत्येकाला वीज देणे बंधनकारक आहे. पण कोठे आधी जाळे पसरावे, कोणाच्या दारी विक्रेता पाठवावा, हे कंपनी ठरविते. चांगले उत्पन्न देणारे ग्राहक निघून गेले, की महावितरणकडे कमी दराचे ग्राहक उरतात, आणि त्यांचे दर वाढविण्यावाचून तिला गत्यंतर उरत नाही. मुंबईत २०११ मध्ये अधिभार लावावा लागला, तो याच कारणाने. २०२५ च्या मसुद्यात तर कारखाने, रेल्वे आणि मेट्रो यांच्यावरील क्रॉस सबसिडीचा भार पाच वर्षांत संपवावा, असे सुचविले आहे. उद्योगांना दिलासा मिळावा, हा विचार चुकीचा नाही. प्रश्न इतकाच, की त्यांच्याकडून येणारी रक्कम बंद झाल्यावर ती कोण भरणार? सरकारने अंदाजपत्रकातून भरली नाही, तर ती लहान घरांच्या बिलात येणार.

दुसरी बाजूही तेवढ्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. जेथे एकच कंपनी आहे, तेथे ग्राहकाने तक्रार करूनही तिची दखल घेण्याची निकड कंपनीला वाटत नाही, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांचा आहे. पावसाळ्यात दिवसच्या दिवस वीज नसणे, सरासरीने पाठविलेली बिले, न उचलले जाणारे दूरध्वनी, यांतून लोकांचा संयम संपतो आणि 'कोणीही या, पण वीज द्या' असे उद्गार बाहेर पडतात. भिवंडीचे उदाहरण याच संदर्भात दिले जाते. तेथे वीजगळती आणि थकबाकी फार मोठी होती. जानेवारी २००७ पासून महावितरणने तेथील वितरण टॉरंट पॉवर या खाजगी कंपनीकडे मताधिकारी, म्हणजे फ्रँचायझी म्हणून सोपविले. गळती बरीच कमी झाली, यंत्रणा सुधारली. वसुलीच्या कडक पद्धतीविरुद्ध तेथे तक्रारी आणि आंदोलनेही झाली. पण एक फरक ध्यानात ठेवावा. भिवंडीत ग्राहकाला निवड मिळालेली नाही. परवाना महावितरणचाच, दर आयोगानेच ठरविलेले. बदलला तो काम करणारा हात. म्हणजे कारभार सुधारण्यासाठी स्पर्धा हा एकच मार्ग आहे, असेही नाही. आणि कारभार सुधारला म्हणजे लोक संतुष्ट झाले, असेही नाही.

ग्राहकाने काय करावे?

उपनगरांत राहणाऱ्या ज्या वाचकांना आज निवड आहे, त्यांनी केवळ प्रति युनिट दर पाहून निर्णय घेऊ नये. बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क असे भाग असतात. घरगुती वापरावर राज्याचे वीज शुल्क १६ टक्के आहे आणि ते कंपनी बदलल्याने टळत नाही. समजा, नव्या कंपनीचा वीज आकार युनिटमागे ५० पैशांनी कमी आहे; पण वहन आकार आणि अधिभार मिळून ६० पैशांनी जास्त आहेत. तर बचत सोडाच, १० पैशांचा तोटा आहे. तेव्हा आपली वर्षभराची बारा बिले काढावीत, उन्हाळ्याचे आणि पावसाळ्याचे महिने दोन्ही धरावेत आणि संपूर्ण बिलाची तुलना करावी. १५० युनिट वापरणाऱ्या घराला जी कंपनी स्वस्त, तीच ५०० युनिट वापरणाऱ्या घराला महाग असू शकते. दर आयोगाच्या आदेशाने बदलत असतात; म्हणून शेजाऱ्याने तीन वर्षांपूर्वी केलेला हिशेब आज आपल्या उपयोगाचा नाही. दारावर येणाऱ्या विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर सही तर मुळीच करू नये.

ज्यांना निवड नाही, तेही अगदी निराधार नाहीत. बिल थकले म्हणून वीज तोडण्यापूर्वी कंपनीने पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिली पाहिजे, असे कायदा सांगतो. दोन वर्षांहून जुनी थकबाकी मधल्या काळात बिलांवर सतत दाखविलेली नसेल, तर ती एकाएकी वसूल करता येत नाही. ठरलेल्या मुदतीत काम झाले नाही, तर ग्राहकाला भरपाई मागता येते. कंपनीने तक्रार ऐकली नाही, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. त्याच्या निर्णयाने समाधान झाले नाही, तर विद्युत लोकपाल आहेत. तेथे वकील लावणे सक्तीचे नाही. हवी असते ती तक्रारीची लेखी प्रत, पोच आणि थोडी चिकाटी.

घराच्या छपरावर सौर पॅनेल बसविणारा ग्राहक तर स्वतःच लहानसा उत्पादक होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत ३ किलोवॅटच्या संचासाठी ७८,००० रुपयांपर्यंत केंद्राचे साहाय्य ठरविण्यात आले. वसईच्या बैठ्या घरांना आणि वाडीतील मोकळ्या छपरांना ही सोय विशेष अनुकूल आहे. मात्र येथेही तोच जुना प्रश्न डोके वर काढतो. ज्याचे स्वतःचे छप्पर आहे आणि हाती भांडवल आहे, त्याचे बिल उतरते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचे तेवढेच राहते आणि तारांचा खर्च मात्र उरलेल्यांत वाटला जातो.

सर्वांत दुर्लक्षित अधिकार सुनावणीचा आहे. कोणत्याही वितरण कंपनीने दरवाढ मागितली, की तिला तो प्रस्ताव जाहीर करावा लागतो आणि आयोगाला लोकांच्या सूचना व हरकती विचारात घ्याव्या लागतात. पुण्याचा 'प्रयास' गट आणि मुंबई ग्राहक पंचायत यांनी वर्षानुवर्षे अशा सुनावण्यांत आकडेवारीनिशी बाजू मांडली आहे. कारखानदारांच्या संघटनाही तेथे आपले वकील घेऊन जातात. गैरहजर असतो तो बहुधा महिन्याला ७० युनिट वापरणारा ग्राहक. आपल्या गावांतील सोसायट्या, पतपेढ्या, महिला मंडळे आणि युवक संघटना यांनी मिळून एक लेखी निवेदन दिले, तरी ते अभिलेखात जाते आणि आयोगाला त्याची दखल घ्यावी लागते.

आमचे मत

खुल्या बाजाराला आमचा सरसकट विरोध नाही. निर्मितीच्या क्षेत्रात स्पर्धा उपयुक्त ठरली आहे. जाहीर लिलावांमुळे सौर विजेचे दर किती खाली आले, ते सर्वांनी पाहिले. पण गल्लीतील तार ही रस्त्यासारखी आणि पाण्याच्या वाहिनीसारखी सर्वांच्या मालकीची गोष्ट आहे, असे आम्ही मानतो. तिच्यावरून कोणी काय विकावे, हे ठरविताना तीन गोष्टी आधी निश्चित झाल्या पाहिजेत. नवा परवानाधारक पूर्ण क्षेत्राला, शेवटच्या पाड्यापर्यंत, ठराविक मुदतीत वीज देण्यास बांधलेला असावा. लहान ग्राहकाचा दर खाली ठेवण्यासाठी लागणारा पैसा कोठून येणार, हे कायद्यात स्पष्ट लिहिलेले असावे. आणि एखादी कंपनी बुडाली, तर तिचा भार तिच्या भांडवलावर पडावा, शेजारच्या ग्राहकावर नव्हे.

या तीन अटी मान्य करणाऱ्या कंपनीचे वसईत स्वागत होण्यास आमची हरकत नाही. त्या मान्य नसतील, तर स्वस्त विजेचे आश्वासन कोणासाठी आहे आणि त्याचे बिल कोणाच्या दारात पडणार आहे, हा प्रश्न आपण सुनावणीत उभे राहून विचारला पाहिजे. पुढच्या वेळी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक टाइपात छापलेली दरप्रस्तावाची जाहीर सूचना दिसेल, तेव्हा वाचकांनी ती कापून ठेवावी आणि तिच्यावरील अंतिम तारीख घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी, एवढी आमची विनंती आहे.